कु. सत्यभामा इंगळे, मयत

आपण मेलो आहोत ही बातमी सत्यभामाला बुलढाण्याच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये लागली. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि हातात चहाची कपबशी होती. सांगणाऱ्याचा तसा काही दोष नव्हता. प्राध्यापक कुंटे दिल्लीहून आले होते, ‘ताश्कंदचा करार आणि आपण’ या विषयावर तासभर बरं बोलले होते, आणि व्याख्यान संपल्यावर गावातले वकील-मास्तर त्यांच्याभोवती जमले तसं विमलबाईंनी सत्यभामालाही पाठीत हात लावून पुढे लोटलं होतं. विमलबाई तिच्याच शाळेत शिवण शिकवायच्या; त्यांना कराराशी काही देणंघेणं नव्हतं, चहा-चिवडा आहे म्हणून आल्या होत्या. “अवो जा ना! नागरिकशास्त्र शिकवता अन् नव्या नवरीवानी काऊन लाजून राह्यल्या?” मग ती गेली. कुंट्यांना तिनं दारातून आत येतानाच ओळखलं होतं. पावणेदोन वर्षांपूर्वी दिल्लीत पाच जणांच्या मंडळासमोर ती बसली होती तेव्हा उजवीकडून दुसरे हेच होते. तेव्हा मिशी होती, आता काढली होती. तिला तेव्हा चष्मा नव्हता आणि दोन वेण्या होत्या, त्यामुळे त्यांनी काही तिला ओळखलं नाही, आणि तिला तेच बरं वाटलं. नापास झालेल्यानं परीक्षकाच्या नजरेला नजर कशाला द्यावी? “गाव कुठलं तुमचं?” त्यांनी सहज विचारलं. “इथलंच. देऊळघाट,” ती म्हणाली. तर त्यांचा चेहरा उतरला.

“देऊळघाट! अहो, तुमच्या गावची एक मुलगी आम्ही निवडली होती. चौसष्ट साली. आंतरराष्ट्रीय संबंधांचा आमचा जोड अभ्यासक्रम आहे ना, एक वर्ष दिल्लीत, दुसरं जिनिव्हाला, आणि दोन्ही विद्यापीठांची मिळून एकच पदवी. साऱ्या देशातून अकरा जागा, आणि पहिलं नाव तिचं होतं. विहिरीवाली मुलगी म्हणायचो आम्ही तिला. आणि बघा, जायच्या आधीच गेली बिचारी.” सत्यभामा म्हणाली, “गेली?” “वारली हो. वडिलांचं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. आमचा कारकून उत्तर प्रदेशातला, त्यानं फाटका कोपरा पाहिला आणि कार्ड आत आणीचना. म्हणाला, साहेब, मयताचं पत्र आहे, बाहेर येऊन वाचा. मराठी वाचणारा मी एकटा. व्हरांड्यात उभं राहून वाचलं. चिरंजीव सत्यभामा हिला देवाज्ञा झाली, तरी आपण तिची वाट पाहू नये. तिची वाट पाहू नये! ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. तुम्ही ओळखत असाल तिला.” “ओळखत होते,” सत्यभामा म्हणाली. ‘होते’ कसं आलं तोंडात, तिला कळलं नाही. आपसूक आलं.

बशी वाजली नाही, चहा सांडला नाही. तिचं तिलाच नवल वाटलं. ओरडायला पाहिजे होतं, निदान ‘अहो, ती मीच’ एवढे तीन शब्द तरी. पण समोरचा माणूस इतक्या मनापासून हळहळत होता, की त्याला खोटं पाडणं म्हणजे रडणाऱ्या घरात प्रेतानं उठून बसण्यासारखं झालं असतं. शिवाय ते तीन शब्द बोलले की चौथा शब्द बोलावा लागला असता, ‘बाबा’. दिल्लीच्या माणसासमोर, वकिलांसमोर, चिवडा खाणाऱ्या विमलबाईंसमोर आपल्या बाबांना उघडं कोण पाडणार? म्हणजे पाहा, आत्ता कुठे तिला कळलं होतं आणि आत्तापासूनच ती त्यांना पाठीशी घालायला लागली होती. याचा राग तिला दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा नाही. कुंटे पुढे सांगत होते, की या वर्षीचे अर्ज महिनाअखेरपर्यंत घेतो आहोत, म्हणजे अजून आठ दिवस. कोणी हुशार मुलगी असेल तर पाठवा. वय मात्र पंचविसाच्या आत हवं, आणि मुलगी असेल तर पालकांचं स्वहस्ते पत्र अर्जासोबत आधीच जोडायचं, त्या वेळी संमती मागवेपर्यंत एक जागा वायाच गेली, तेव्हापासून तसा नियमच केला आहे. “तुमचं नाव?” त्यांनी विचारलं. “इंगळे,” ती म्हणाली. देऊळघाटात इंगळे पुष्कळ आहेत, त्यामुळे ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. ऑगस्टमध्ये तिला पंचविसावं संपत होतं.

विहिरीवाली मुलगी! खोलीवर परत येताना तिच्या कानात तेवढंच वाजत होतं. पावणेदोन वर्षं ज्या उत्तराची तिला लाज वाटली, ते उत्तर. दिल्लीला बाबा तिच्यासोबत आले होते, उकंडराव इंगळे, धोतर, टोपी आणि हातात वांग्यांची पिशवी. वांगी कशाला, तर म्हणे मोठ्या माणसाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये. ती आत आणि ते बाहेर बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. आत एकानं विचारलं होतं, दोन शेजारी देशांत एक नदी आहे, करार लिहून झाला आहे, तरी भांडण का होतं? पुस्तकातलं उत्तर तिला पाठ होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. आमच्या मळ्यात एक विहीर आहे, तिघा भावांची, ती हिंदीत सांगायला लागली. प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली, ती आजोबांनी कागदावर लिहून ठेवलेली. तरी दरवर्षी उन्हाळ्यात डोकी फुटायची. मग मोतीराम नावाच्या एका म्हाताऱ्याला विहिरीवर बसवलं. त्याचं त्या विहिरीत काही नव्हतं, शेतही नव्हतं. तो नुसता सावलीकडे पाहायचा आणि सांगायचा, उठ बे, तुही पाळी सरली. ज्याला पाणी नको त्याच्याच हाती पाणी द्यावं लागतं साहेब, ती म्हणाली होती, आणि घाईत मध्येच एक ‘मले’ निसटला होता. मंडळातले हसले. ते हसू तिनं सोबत घरी आणलं होतं. कोणाचं, किती वेळ, कोणत्या दातांचं, सगळं. आज कळलं की ती माणसं खूश होऊन हसली होती. आता काय करायचं त्या कळण्याचं?

कारण त्या हसण्यावर तिनं आपलं सगळं आयुष्य बांधून काढलं होतं. जून गेला, जुलै गेला, दिल्लीचं पत्र आलं नाही. मळेवाल्यांचं टपाल घरी येत नाही. दिवसभर घराला कुलूप, म्हणून पोस्टमन सरळ मळ्यात येतो आणि विहिरीवर जो असेल त्याच्या हाती देतो. विहिरीवर बाबा असायचे. ती रोज विचारायची, “बाबा, आलं का?” आणि ते मोटेच्या बैलांकडे पाहत म्हणायचे, “नाई वो माय.” ऑगस्टच्या एका दुपारी ती मिरचीच्या वाफ्यात बसून ढसाढसा रडली, की मीच करंटी, दिल्लीत जाऊन विहिरीच्या गोष्टी सांगितल्या, मला गावंढळीला कोण घेणार! तेव्हा तिच्याजवळ येऊन कोण बसलं? तेच. डोक्यावरून हात कोणी फिरवला? त्यांनीच. “जाऊ दे पोरी, त्या दिल्लीवाल्याइले काय समजते? तू आमच्यासाठी पास हायस.” आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं होतं, खरं पाणी. खोटं बोलणारा माणूस समजू शकतो. पण आपणच घाव घालून वर हळद लावायला बसणारा माणूस, आणि लावताना खरोखर रडणारा, त्याचं काय करायचं? त्यानंतर ती बुलढाण्याला शाळेत लागली. ‘मले-तुले’ तिनं घासून घासून काढलं. वर्गात एखादी पोर ‘बाई, मले येते’ म्हणाली की ही तिला तिथल्या तिथे दुरुस्त करायची, मला, मला म्हण. विहिरीची गोष्ट तर तिनं परत कधी कोणाला सांगितली नाही. बाबांनी दिवाळीला ट्रान्झिस्टर आणून दिला, म्हणाले, घे, आता दुनिया घरीच आयक. किती कौतुकानं तिनं तो साऱ्या शाळेला दाखवला होता!

सकाळी ती पोस्टात गेली, एक कार्ड घेतलं आणि देऊळघाटची एस.टी. धरली. आठ-दहा मैलांचा रस्ता, नेहमी डोळा लागायच्या आत गाव यायचं. आज तिला एकच नाद लागला होता: आपण मेलो कोणत्या दिवशी? जुलैच्या शेवटी असणार. त्या आठवड्यात काय केलं होतं आपण? एकदा मायसोबत अमडापूरच्या बाजाराला गेलो, हिरव्या बांगड्या भरल्या. एकदा पुरणपोळी झाली होती, आणि बाबा दोन खाऊन तिसरीला नाही म्हणाले, तर आपणच आग्रह केला होता, घ्या ना बाबा, घ्या. त्या दिवशी मेलो होतो का आपण? की आदल्या दिवशी? मेलेल्या हातानं वाढलेली पोळी त्यांनी खाल्ली कशी? माणूस कार्ड लिहितो, कोपरा फाडतो, तेवढा कागदाचा तुकडा कुठे टाकतो? त्यांना इंग्रजी येत नव्हतं, चौथीपर्यंत शिकलेले. म्हणजे दिल्लीचं पत्र त्यांनी कोणाकडून तरी वाचून घेतलं असणार, कचेरीबाहेर बसणाऱ्या एखाद्या अर्जनवीसाकडून. म्हणजे आपण निवडलो गेलो हे बुलढाण्यातल्या एका अनोळखी अर्जनवीसाला माहीत होतं आणि आपल्याला नव्हतं. तो रस्त्यात भेटला असेल आपल्याला. त्यानं नमस्कारही केला असेल. आग लागो त्या नमस्काराला! शेजारच्या सीटवरची बाई तिच्याकडे पाहायला लागली, तेव्हा तिला कळलं की आपण हे मोठ्यानं बोललो. “काई दुखून राह्यलं का वो बाई?” त्या बाईनं विचारलं. “नाही,” सत्यभामा म्हणाली, आणि मग वाटलं, का नाही म्हणायचं? “हाव,” ती म्हणाली, “दुखून राह्यलं.” आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

उकंडराव विहिरीवरच होते. सकाळची पाळी त्यांची. बैल मागे सरत होते, मोट भरून वर येत होती, थारोळ्यात पाणी पडत होतं आणि पाटानं पलीकडे मेथीत चाललं होतं. तिथे अन्नपूर्णाबाई, तिची माय, दारं धरून वाफ्यात पाणी वळवायला उभी होती. “अरे! सत्या! आज शाळेले सुट्टी काय?” त्यांचा चेहरा फुलला. तो फुलला हेच तिला सहन होईना. वाटेत तिनं पुष्कळ वाक्यं जुळवली होती, शांत, शुद्ध, पुस्तकी. त्यातलं एकही आलं नाही. “बाबा, मी कधी मेली?” ती म्हणाली. उकंडरावांनी बैल थांबवले. भरलेली मोट तशीच अर्ध्यात लोंबत राहिली. ‘काय बोलून राह्यली’ असं म्हणतील, हसतील, खोटं बोलतील, असं तिला वाटलं होतं. तिला तेच पाहिजे होतं, कारण मग भांडता आलं असतं. ते म्हणाले, “कोनं सांगतलं?” एवढंच. नाही म्हणालेच नाहीत. आत्तापर्यंत तिच्या मनात कुठेतरी एक फट होती, की कुंट्यांचा घोळ झाला असेल, दुसरी कोणी सत्यभामा असेल, भाऊबंदांपैकी कोणी उद्योग केला असेल. ती फट त्या दोन शब्दांनी बुजली.

“तुम्ही म्हणाले असते नोको जाऊ, तर मी गेली नसती बाबा! भांडली असती, रडली असती, पण गेली नसती. तुम्हाला माहीत होतं.” “म्हनूनच तं तसं म्हनलं नाई,” उकंडराव म्हणाले. ते खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “कोन्या तोंडानं म्हनू? साऱ्या गावात मीच सांगत फिरलो, माही पोरगी दोन खंडात शिकन, देशादेशाचे तंटे तोडन. तुले मीच दिल्लीले नेलं. अन् तो कागद आला. त्या अर्जनवीसानं वाचलं, म्हने, उकंडराव, नशीब काढलं. म्या पेढे घेतले बरं, सत्या. हातात पेढे घेऊन पायीच निघालो. अन् इथवर येताखेपी माहे पायच गेले. तू गेली असती अन् आली नसती. कोन येते वापस?” “म्हणून मला मारून टाकलं?” “मारलं नाई!” ते एकदम ओरडले, बैलांनी कान टवकारले. “म्या तुले राखलं. माह्या मायचे तीन लेकरं गेले माह्या पयले. म्हनून मी झालो तसं तिनं मले उकंड्यावर नेऊन टाकलं, शेनकचऱ्यात, अन् देवाले सांगतलं, हे पोरगं काई कामाचं नाई, हे आमचं नाई, टाकून देलं. म्हनून उकंडा नाव ठेवलं. तवा मी जगलो. तुह्या पयले तुही माय दोन पोरं पुरून बसली. मले दुसरं काय येते? माह्या घरी लेकरू असंच राखतेत. त्या दिल्लीले सांगतलं, मेली. म्हनलं, मंग ते नाई मागनार.”

मेथीतून अन्नपूर्णाबाई आली होती, हात चिखलाचे. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. “मेली म्हनून लिवलं?” ती नवऱ्याला म्हणाली. “तुमी? माह्या पोरीले? आपल्या हातानं? दोन गेले तवा तुमच्याच्यानं गावाले पत्र लिववलं नाई, मास्तरकडून लिवून घेतले. अन् ही जित्ती, घरात भाकर थापून राह्यली, तिचं लिवलं?” आणि ती तिथेच पाटाच्या कडेला बसली. म्हणजे मायला माहीत नव्हतं. दोघांनी मिळून केलं नाही, एकट्यानं केलं. एवढ्याशा गोष्टीचाही आधार वाटावा अशी वेळ होती. आणि खरं सांगायचं तर बाबांचं ते उकंड्याचं बोलणं तिच्या आत जाऊन लागलं होतं. ते बनाव करत नव्हते. त्यांना खरंच दुसरं काही येत नव्हतं. तिला त्यांची इतकी दया आली, की क्षणभर वाटलं, जाऊ दे, मरू दे ती जिनिव्हा, बाबांच्या जवळ बसावं, टोपी उचलून डोक्यावर ठेवावी. आणि तेवढ्यात तिला मिरचीचा वाफा आठवला. देवाला फसवलं ते ठीक, दिल्लीला फसवलं तेही एक वेळ ठीक. पण ‘मीच करंटी’ म्हणून ही रडत होती तेव्हा हा माणूस शेजारी बसून ऐकत होता. एक शब्द बोलला असता, पोरी, तू पास झाली होतीस, मीच जाऊ दिलं नाही, तर ती त्यांच्या पायाशी आयुष्यभर बसली असती. त्यांनी तिला ठेवून घेतलं होतं, पण कमी करून ठेवलं होतं. मुलीला राखायचं तर तिचा कणा कशाला काढून घ्यायचा? दया कुठच्या कुठे गेली.

तिनं पर्समधून कार्ड काढलं, पेन काढलं, त्यांच्यापुढे धरलं. “लिहा.” “काय लिवू?” “खरं.” उकंडरावांनी धोतराला हात पुसले, थारोळ्याच्या कोरड्या दगडावर कार्ड ठेवलं. ती त्यांच्या मागे उभी राहून वाचत होती, एकेक अक्षर. आंधळ्यासारखी या माणसाचा हात धरून ती दिल्लीला गेली होती. आता त्याच्या वेलांटीवरही तिचा विश्वास नव्हता. ‘माझी मुलगी सत्यभामा जिवंत आहे. मागलं कार्ड मी खोटं लिहिलं होतं.’ इथवर त्यांनी न थांबता लिहिलं. ‘तिला दिल्लीस व परदेशास पाठवण्यास माझी’ आणि पेन थांबलं. अन्नपूर्णाबाई बघत होती. बैलांनी मान खाली घातली होती आणि अर्ध्यातली मोट झिरपून झिरपून रिकामी झाली होती. तिकडे धाकट्या काकाची पाळी कधीच सुरू झाली होती, पण कोणी आवाज दिला नाही. “पुढचं लिहा,” ती म्हणाली. “सत्या, हे नोको लिवू लावू.” “लिहा बाबा.” त्यांनी लिहिलं, ‘हरकत नाही’, आणि खाली सही केली, लहान पोरासारखी, रेघेच्या खाली घसरत गेलेली.

कार्ड घेऊन तिनं दोनदा वाचलं. मग जे विचारायचं नाही असं एस.टी.त ठरवलं होतं ते विचारलं. “ते कार्ड टाकल्यावर आंघोळ केली होती?” उकंडरावांनी मान हलवली. “केली. इथीच. टपालाच्या पेटीत टाकलं अन् तसाच आलो, धोतरासगट अंगावर पानी घेतलं. बाप हाय ना मी. लिवलं तं सुतक लागनच.” अन्नपूर्णाबाई पदर तोंडात धरून रडायला लागली. उकंडरावांनी सत्यभामाचं मनगट पकडलं. हात ओला होता, मातीचा. “एक बारी केली ते आंघोळ, माय. आता पुन्हा नोको करू लावू. तू तिकडं गेली तं मले…” सत्यभामानं त्यांची बोटं एकेक करून मनगटावरून सोडवली. शेवटचं बोट सुटायला वेळ लागला. “करा लागली तं करा, बाबा,” ती म्हणाली, आणि कार्ड पर्समध्ये घालून बांधावरून सडकेकडे चालायला लागली. मागून माय म्हणत होती, जेवून तं जाय.